घरचे पाच वैद्य

(वैभववाडी तालुक्यातील प्रौढ साक्षरता वर्गापुढे केलेले भाषण)



दिवसभर शेतात राबून, गुरांचे वैरणपाणी आटोपून तुम्ही रात्री वर्गाला येता. दिव्याच्या उजेडात अक्षरे गिरवता. याचे आम्हांला मोठे कौतुक वाटते. आज मात्र आपण अक्षरांविषयी बोलणार नाही. आज आपण शरीराविषयी बोलू. अक्षरांचा आणि शरीराचा संबंध कुठे येतो, ते शेवटी पाहू.

घरात दुखणे आले की माणसे दोन तऱ्हेने वागतात. एक जण म्हणतो, "सुई टोचून घेतली की झाले." दुसरा म्हणतो, "डॉक्टर नको नि सुई नको. झाडपाला पुरे." पहिला माणूस स्वतः काहीच करत नाही. तोच आजार त्याला पुन्हा पुन्हा गाठतो. दुसरा माणूस वेळ घालवतो. कधी कधी त्याचा जीवही जातो. दोघांचेही नुकसानच.

आज आम्हांला तिसरी वाट सांगायची आहे. तिचे नाव निसर्गोपचार.

निसर्गोपचार म्हणजे काय?

भात कापताना विळा लागला. बोट कापले. चार-आठ दिवसांत जखम भरून आली. सांगा पाहू, ती कोणी भरली? पट्टीने नाही. मलमानेही नाही. मलम आणि पट्टी घाण आत जाऊ देत नाहीत, एवढेच. जखम शरीराने स्वतः भरली.

बरे होण्याची शक्ती शरीरातच आहे. तिला मदत करणे, तिच्या आड येणारी कारणे दूर करणे, याला निसर्गोपचार म्हणतात. डोके दुखते म्हणून नुसते डोके पाहायचे नाही. हा माणूस जेवतो काय? झोपतो किती? राबतो किती? त्याच्या घरात हवा येते का? विहिरीचे पाणी चांगले आहे का? मनाला काही घोर लागला आहे का? सगळा माणूस पाहायचा, त्याचे घर पाहायचे, अंगण पाहायचे. मग उपाय सांगायचा.

उरुळीकांचनची गोष्ट

महात्मा गांधींना या विद्येची फार ओढ होती. दक्षिण आफ्रिकेत असतानाच त्यांनी लुई कुने आणि अ‍ॅडॉल्फ जुस्ट या दोन जर्मन लेखकांची पुस्तके वाचली. पोटावर ओल्या मातीची पट्टी, थंड पाण्यात कंबर बुडवून बसणे, असे उपाय त्यांनी आधी स्वतःवर करून पाहिले. पुढे १९४२ साली पुण्याला आगाखान पॅलेसमध्ये इंग्रज सरकारने त्यांना कैदेत ठेवले. तिथे त्यांनी आरोग्यावर एक लहानसे पुस्तक लिहिले. माती, पाणी, आकाश, सूर्य आणि वारा यांचा उपयोग कसा करावा, हे त्यात सांगितले आहे.

पुण्याला डॉ. दिनशा मेहता यांचे निसर्गोपचाराचे केंद्र होते. त्या कामासाठी १८ नोव्हेंबर १९४५ रोजी एक न्यास स्थापन झाला. गांधीजी त्याचे अध्यक्ष झाले. आज त्याच जागी भारत सरकारची निसर्गोपचाराची राष्ट्रीय संस्था आहे.

पण गांधीजींच्या मनाला एक गोष्ट टोचत होती. शहरातल्या केंद्रात खेड्यातला गरीब कसा पोचणार? तेव्हा आपणच खेड्यात जावे, असे त्यांनी ठरवले. पुणे-सोलापूर रेल्वेवर उरुळीकांचन हे गाव आहे. २२ मार्च १९४६ रोजी ते तिथे गेले. आजूबाजूचे रोगी येऊ लागले. गांधीजींनी काय दिले? सकाळचे ऊन. पाण्याचे स्नान. दूध, ताक आणि फळे. भरपूर पाणी. आणि तोंडी देवाचे नाव. देवाला ज्याने त्याने आपल्या आवडीच्या नावाने हाक मारावी, असे त्यांचे सांगणे होते. औषधाची बाटली नाही की महागडी वस्तू नाही. जे गरिबाला मिळते तेच.

गांधीजी ३० मार्चपर्यंत तिथे राहिले. मग देशाच्या कामासाठी त्यांना दिल्लीला जावे लागले. मागे मणिभाई देसाई नावाचे तरुण कार्यकर्ते राहिले. तेव्हा त्यांचे वय पंचवीस-सव्वीस वर्षांचे. तिथला निसर्गोपचार आश्रम त्यांनी चालवला आणि वाढवला. तो आजही चालू आहे.

काम करता करता मणिभाईंना एक गोष्ट दिसली. रोग्याला दूध घ्या म्हणून सांगायचे, पण त्याच्या गोठ्यात दुधाचे जनावर नाही. फळे खा म्हणायचे, पण खिशात पैसा नाही. मग आरोग्य येणार कुठून? म्हणून ते गाईंकडे, शेतीकडे, फळझाडांकडे वळले. १९६७ साली त्यांनी बाएफ ही संस्था काढली. चांगल्या दुधाच्या गाई गावोगाव तयार करण्याचे काम तिने केले. १९८२ साली मणिभाईंना मॅगसेसे पुरस्कार मिळाला. १९९३ साली ते वारले. तोवर सारे आयुष्य त्यांनी याच कामात घातले.

यातून काय घ्यायचे? आरोग्य दवाखान्यात सुरू होत नाही. ते गोठ्यात, शेतात आणि चुलीपाशी सुरू होते.

आपल्या दारचे पाच वैद्य

आता आपल्या मुलखाकडे वळू. वैभववाडी सह्याद्रीच्या पायथ्याशी आहे. वर गगनबावडा. करूळ आणि भुईबावडा हे दोन घाट. नाधवड्याचा उमाळा उन्हाळ्यातही आटत नाही. नापण्याचा धबधबा बारमाही कोसळतो. पाऊस भरपूर. रान भरपूर. निसर्गाने आपल्याला काही कमी दिलेले नाही.

मागे एका वाडीत आम्ही हेच बोलत होतो. तेव्हा एक म्हातारी उठली नि म्हणाली, "बाबानु, पाणी आसा, ऊन आसा, वारो आसा. मगे आमच्या घरात दुखणी कित्याक?"

आजीचा सवाल खरा होता. वैद्य दारात उभा आहे, पण आपण दार लावून घेतले आहे. ते दार कसे उघडायचे, ते एकेक करून पाहू.

पहिला वैद्य पाणी. पाणी तहान भागवते, अंग स्वच्छ करते, ताप उतरवायला मदत करते. अंग तापले तर कोमट पाण्यात फडके भिजवून अंग पुसा. पण हेच पाणी घाण असले तर वैद्याचा वैरी होतो. पावसाळ्यात ओढ्याचे गढूळ पाणी विहिरीत उतरते. म्हणून पाणी गाळा, उकळा, झाकून ठेवा. शौचाहून आल्यावर आणि जेवणाआधी साबणाने हात धुवा.

जुलाब लागले की पाण्याची खरी करामत दिसते. १९७१ साली बांगलादेशात लढाई झाली. लाखो निर्वासित बंगालमध्ये आले. बनगाव इथल्या छावणीत पटकीची साथ पसरली. शिरेतून द्यायचे सलाईन संपत आले. तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी साखर आणि मीठ मापात घेतले, पाण्यात विरघळवले आणि ते रोग्यांना तोंडाने पाजले. आधी शंभरात तीस माणसे मरत होती. ती संख्या चारच्या आत आली. पाहा, पाणी, मीठ आणि साखर! पण माप मात्र शास्त्राचे.

ते माप तुम्हीही लिहून घ्या. उकळून गार केलेले पाणी एक लिटर. साखर सहा चहाचे चमचे, सपाट. मीठ अर्धा चहाचा चमचा, सपाट. मीठ याहून जास्त घालू नका, लहान मुलाला ते बाधते. घोट घोट पाजत राहा. तान्ह्या बाळाचे अंगावरचे दूध तोडू नका. आशाताईकडे क्षार-साखरेची तयार पुडीही मिळते. मूल मलूल झाले, डोळे खोल गेले, लघवी होईना, तर पाणी पाजत पाजत दवाखाना गाठा.

दुसरा वैद्य माती. खोलवरची स्वच्छ माती उन्हात वाळवावी. चाळून, भिजवून फडक्यात घालावी. अशी पट्टी वीस-तीस मिनिटे पोटावर किंवा कपाळावर ठेवली तर गारवा येतो, बरे वाटते. पण बरं का मंडळी, उघड्या जखमेवर माती कधी लावू नका. बाळाच्या नाळेवर माती, राख, शेण काहीही लावू नका. त्यातून धनुर्वात होतो. तो जीव घेतो. आणखी एक गोष्ट. जिथे माणसे उघड्यावर शौचाला बसतात, तिथल्या ओल्या मातीत आकडीकृमी वाढतो. तो उघड्या पायातून शरीरात शिरतो आणि रक्त पितो. म्हणून संडास वापरा आणि पायात चप्पल घाला.

तिसरा वैद्य ऊन. कोवळ्या उन्हात बसल्याने हाडे बळकट होतात. आपल्याकडे चार महिने पाऊस. वाकळा, गोधड्या दमट होतात. भिंतींना बुरशी येते. ऊन पडले की अंथरूण-पांघरूण बाहेर काढा. घराची दारे उघडा. उन्हाला पैसे पडत नाहीत.

चौथा वैद्य वारा. आपल्या जुन्या घरांना खिडक्या लहान. चूल आत. धूर घरातच कोंडतो. स्वयंपाक करणाऱ्या बाईच्या छातीत तो रोज जातो. तिच्या पदराखालच्या पोराच्या छातीतही जातो. पोराचा खोकला हटत नाही, मग आपण औषधाच्या बाटल्या आणतो. आधी धुराला वाट करा. चुलीवर धुराडे बसवा किंवा गॅस वापरा. आणि पुरुष मंडळींनो, विडीचा धूर काही निराळा नाही. तंबाखू आणि मिश्री हीदेखील विषेच आहेत.

पाचवा वैद्य आकाश. तुम्ही म्हणाल, आकाशाने कसे बरे वाटणार? आकाश म्हणजे मोकळी जागा. पोटात थोडी मोकळी जागा ठेवा, दोन घास कमी खा. कामात थोडी मोकळी जागा ठेवा, रात्रीची झोप मोडू नका. मनात मोकळी जागा ठेवा. मनातला घोर कोणापाशी तरी बोला. भजनाला बसा, चार माणसांत मिसळा. दारूने घोर जात नाही. दारूने घर जाते. उपास हाही आकाशाचाच उपाय. पण लहान मूल, गरोदर बाई, अंगावर पाजणारी आई आणि मधुमेहाचे औषध घेणारा माणूस यांनी कडक उपास करू नये.

चुलीवरचे औषध

या पाचांच्या जोडीला आहार हवा. आपला उकडा तांदूळ आणि त्याची पेज यांना हसू नका. त्याविषयी एक मौजेची गोष्ट आहे. १८९० च्या सुमारास जावा बेटावर आइकमन नावाचे डच डॉक्टर होते. तिथे बेरीबेरी नावाचा रोग होता. माणसांचे पाय लुळे पडत. एकदा डॉक्टरांच्या आवारातल्या कोंबड्यांचेही पाय लुळे पडले. तपास करता कळले, की त्यांना पांढऱ्याशुभ्र, कोंडा काढलेल्या तांदळाचा भात घातला जात होता. कोंड्यासकट तांदूळ घालताच कोंबड्या चालू लागल्या. रोगाचे मूळ जेवणात होते! या कामासाठी आइकमन यांना १९२९ साली नोबेल पारितोषिक मिळाले.

भात उकडताना कोंड्यातले सत्त्व दाण्यात उतरते. म्हणून उकडा तांदूळ गुणाचा. पेज केली की ते सत्त्व पाण्याबरोबर फुकट जात नाही. नाचणीत हाडांना लागणारा चुना तांदळापेक्षा कितीतरी पट आहे. कुळथाच्या पिठीत बळ आहे. पावसाळ्यात टाकळा, कुर्डू, भारंगी, अळू या भाज्या परड्यात नि रानात फुकट मिळतात. शेवग्याचा पाला दारातच असतो. हे सोडून दुकानातली बिस्किटे पोरांच्या हातात देणे म्हणजे घरचे सोने विकून पितळ घेणे होय.

मिठाला मात्र आवर घाला. सुके मासे, लोणचे, पापड यांत मीठ फार. रक्तदाब असणाऱ्याने ते बेताने खावे. मधुमेह असणाऱ्याने गोड सोडावे, भाताचा ढीग कमी करावा, रोज चालावे. पथ्य करतो म्हणून गोळी मात्र आपल्या मनाने बंद करू नये. गोळी आणि पथ्य ही बैलजोडी आहे. एक बैल सोडला तर नांगर चालत नाही.

शीव ओळखा

आता सगळ्यांत महत्त्वाचे सांगतो. प्रत्येक शेताला बांध असतो. प्रत्येक गावाला शीव असते. निसर्गोपचारालाही शीव आहे. ती ज्याला कळली, त्यालाच निसर्गोपचार कळला.

पुन्हा गांधीजींकडेच पाहा. १९२४ साली ते येरवड्याच्या तुरुंगात होते. त्यांच्या पोटात आतड्याचा आजार झाला. त्याला अपेंडिक्स म्हणतात. तेव्हा मातीची पट्टी ठेवून ते बसले नाहीत. पुण्याच्या ससून रुग्णालयात १२ जानेवारी १९२४ रोजी कर्नल मॅडॉक या इंग्रज डॉक्टरने त्यांचे पोट चिरले. मध्येच वीज गेली. उरलेले काम कंदिलाच्या उजेडात झाले. गांधीजी वाचले. पुढे बावीस वर्षांनी ते उरुळीकांचनला आले, ते या शस्त्रक्रियेमुळेच! निसर्गावर ज्याची एवढी भक्ती, त्यानेही वेळ ओळखली. मग आपण का ओळखू नये?

आपल्या भागातली शीव कुठे आहे, ते ऐका.

चिखलणीच्या नि लावणीच्या दिवसांत ताप आला, पोटऱ्या दुखू लागल्या, डोळे लाल झाले, तर तो लेप्टो असू शकतो. उंदराच्या मुतातून हा रोग पाण्यात येतो आणि पायाच्या चिरांतून शरीरात शिरतो. लवकर औषध घेतले तर माणूस बरा होतो. उशीर झाला तर काविळीवर जाते, मूत्रपिंडे बंद पडतात. असा ताप अंगावर काढू नका. त्याच दिवशी दवाखान्यात जा. पायाला जखम असेल तर ती झाकल्याशिवाय चिखलात उतरू नका.

साप चावला तर घट्ट बांधू नका, कापू नका, चोखू नका. माणसाला धीर द्या. चावलेला हात-पाय हलू देऊ नका. सरळ रुग्णालयात न्या. सापाच्या विषावरची लस मुंबईच्या हाफकिनमध्ये घोड्याच्या रक्तापासून तयार होते. तीही निसर्गाचीच देणगी, माणसाने अकलेने मिळवलेली.

लाल विंचू चावला तर तेच करा. कोकणात या विंचवाने पूर्वी कितीतरी माणसे दगावत. महाडजवळ बिरवाडीच्या सरकारी दवाखान्यात १९७६ साली डॉ. हिंमतराव बावस्कर आले. रोग्यांच्या उशाशी बसून त्यांनी अभ्यास केला. रक्तदाबावरची प्राझोसिन नावाची गोळी विंचवाच्या विषावर चालते, हे त्यांनी दाखवले. मरणे फारच कमी झाली. २०२२ साली त्यांना पद्मश्री मिळाली. पण ती गोळी वेळेवर मिळायला रोगी वेळेवर पोचला पाहिजे.

कुत्रा चावला तर आधी घरचा वैद्य, मग दवाखान्याचा. वाहत्या पाण्याखाली साबणाने जखम पंधरा मिनिटे धुवा. मग लगेच लस घ्या आणि सगळे डोस पुरे करा. पिसाळी एकदा उठली की तिला औषध नाही.

छातीत कळ आली, धाप लागली, गरोदर बाईला रक्त जाऊ लागले, तान्हे मूल पिईनासे झाले, दोन आठवडे खोकला हटला नाही, तर घरी थांबू नका. खोकल्यासाठी थुंकी तपासून घ्या. क्षयाचे औषध सरकारी दवाखान्यात फुकट मिळते. ते मध्येच सोडू नका.

रात्री-अपरात्री वाहन नसेल तर १०८ हा आकडा फिरवा. रुग्णवाहिका येते. तिला पैसे पडत नाहीत.

अक्षरे आणि आरोग्य

आता सुरुवातीला राहिलेली गोष्ट पुरी करू. अक्षरांचा शरीराशी संबंध काय?

क्षार-साखरेच्या पुडीवर किती पाणी घ्यायचे ते लिहिलेले असते. औषधाच्या पाकिटावर त्याची मुदत लिहिलेली असते. बाळाच्या कार्डावर पुढच्या लसीची तारीख असते. हे ज्याला वाचता येते, तो फसत नाही. "या मुळीने कॅन्सर बरा होतो, साखर मुळासकट जाते," असे सांगणारे बाजाराच्या दिवशी भेटतात. त्यांच्या पिशवीला निसर्गाचे नाव असते. पण निसर्ग कधी मोठमोठी वचने देत नाही. जो मोठे वचन देतो नि आगाऊ पैसे मागतो, त्याच्यापासून दूर राहा. वाचा, विचारा, मग ठरवा.

तेव्हा मंडळी, आज घरी गेल्यावर एक काम करा. खडू घ्या. चुलीजवळच्या भिंतीवर पाच शब्द लिहा: पाणी, माती, ऊन, वारा, आकाश. त्यांच्याखाली मीठ-साखरेचे माप लिहा. आणि सगळ्यांत खाली, पोरांनाही वाचता येईल अशा मोठ्या अक्षरात, १०८ हा आकडा लिहा.

वरचे पाच शब्द रोजच्यासाठी. खालचा आकडा अडचणीच्या वेळेसाठी. दोन्ही भिंतीवर असू द्या. दोन्ही घरातल्या सगळ्यांना पाठ असू द्या.

पुढच्या आठवड्यात आम्ही वाडीवाडीत फिरू, तेव्हा तुमच्या भिंती वाचू.